वीस पॉइंट नऊ

पहाटे साडेपाचला मी तळजाईवर जाते.
फिरायला नाही, मीटर शून्यावर आणायला.
पुस्तिकेत लिहिलंय : स्वच्छ हवेत करावे.
स्वारगेटच्या कोपऱ्यावर ती कुठून आणू?
तिथं रिक्षा सुरू झाली तरी
कार्बनचा आकडा झोपेत कूस बदलतो.

वर मोर ओरडत असतात आणि चार घरं भरतात :
ऑक्सिजन वीस पॉइंट नऊ,
बाकी शून्य, शून्य, शून्य.
साडेएकोणीसला यंत्र बोंबलतं.
म्हणजे आपण आणि बोंब
यांच्यात दीड टक्काही नाही.

गोरख लोंढे हसतो.
"ताई, देवदर्शनाला नेल्यागत नेता त्याला."

आंबील ओढ्याच्या कडेला, पिठाच्या गिरणीसमोर
चेंबरचं झाकण पहारीनं सरकवलं.
नळी सोडली : आधी तोंडाशी, मग मध्यावर, मग तळाला.
प्रत्येक टप्प्यावर थांबायचं असतं,
खालची हवा वर यायला वेळ घेते
आणि हा वायू जड, तळाशी बसकण मारणारा.

तोंडाशी शून्य.
मध्यावर तीन.
तळाला चौतीस, आणि यंत्र असं केकाटलं
की गिरणीवाला बाहेर आला, मिशीवर पीठ.

गोरख म्हणाला,
"मघाशी वास येत होता. आता नाही येत. गेला असंल."

वास नाही गेला, गोरख.
नाक गेलं.
सडक्या अंड्याचा हा वास
थोडा असतो तोवर चहाडी करतो,
वाढला की चहाडी करणाऱ्याचंच तोंड दाबतो.

त्याच्या मामाच्या वेळी मीटर नव्हतं.
काडेपेटी होती, आणि मुकादमाचा अंदाज.
मामा उतरला.
मामाला काढायला धोंडीबा.
धोंडीबाला काढायला एक पोरगा,
ज्याचं त्या दिवशी कामच नव्हतं,
डबा द्यायला आला होता.
गोरख तेव्हा सहावीत.
हे तो कधी बोलत नाही. कमरेचा दोर बांधला
की गाठ तीनदा ओढून बघतो, बस.

कंत्राटदाराचा फोन.
"मॅडम, कागदावर तसंही कुणी उतरत नाही. किती वेळ?"
"यंत्र म्हणेल तेवढा."
"यंत्र माझ्या पैशाचं आहे."
"हो. पण आत्ता ते खाली जाणाऱ्याचं आहे."

ब्लोअरची पिवळी सोंड आत सोडली.
मी रस्त्यावर बसून राहिले, पाठीला ऊन.
कात्रजहून या गावात पाणी आणलं तेव्हा
जमिनीखालच्या नळावर जागोजाग
दगडी उच्छ्वास बांधले होते.
पाण्यालाही कोंडू नये, एवढी अक्कल होती.
माणसं खाली गेली
तेव्हा ती कुठल्या फायलीत अडकली, कोण जाणे.

एकोणीस.
अकरा.
अकरा.
गिरणीवाल्यानं चहा दिला, कपाला पिठाची बोटं.
अकरा.
मागून एक स्कूटर, "बाई, हे कधी संपणार?"
सहा.
गोरख बिडीचं बंडल माझ्या हातात देतो, मी न मागता.
एक.

तो उतरला, छातीवर दुसरं मीटर.
दोर माझ्या मुठीत.
दर दोन मिनिटांनी एक हिसका मी, एक तो.
मधल्या वेळात मी काहीच नसते,
फक्त तळहात.
एकदा त्याचा हिसका उशिरा आला.
चार सेकंद असतील.
मी ती कुठल्याच रकान्यात लिहिली नाहीत.

झडप सुटली. आधी पहार वर आली, मग तो,
गुडघ्यापर्यंत काळा.
भिंतीला टेकला, नाक मुरडलं,
"शी! काय घाण वास येतोय ताई."

फॉर्मवर 'वरचा माणूस' असं छापलंय,
तिथं मी सही करते : सुलक्षणा गवंडी.
शेवटचा रकाना शेऱ्याचा. तो सगळे कोराच ठेवतात.
त्या दिवशी लिहिलं,
वास येतो आहे.